चामडी हातमोजे, मुसकं आणि सोलापुरी टॉवेल: जनावरांच्या दवाखान्यात चावा नेमका कशाने टळतो

नवा दवाखाना उघडताना सामानाच्या यादीत टेबल, वजनकाटा, फ्रिज, ऑटोक्लेव्ह यांच्याखाली कुठेतरी 'जाड हातमोजे, १ जोडी' अशी ओळ असते, आणि चावा टाळण्याची खरेदी तिथेच आटोपते. जोडी येते, खुंटीला अडकते आणि एखादं मांजर अंगावर आलं की मगच तिची आठवण होते. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात चाव्यापासून बचाव म्हणून जे जे विकलं जातं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर आमचा क्रम या यादीच्या उलटा लागतो. सगळ्यात आधी घेतली जाणारी ही जोडी बरीच खाली जाते. टॉवेल, साबण, वाहतं पाणी आणि माणसांची लस, ज्यांना कुणी सामानात धरतच नाही, ते वर येतात.

क्रम लावताना आम्ही धरणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं आहे. सुई डॉक्टरांच्या हातात असते, पण जनावराचं डोकं अटेंडंटच्या हातात. दुखलं की जनावर तोंडाजवळ जो हात असेल त्याला धरतं. त्यामुळे प्रत्येक वस्तूला तेच प्रश्न विचारले: ती वापरून डोकं नीट धरता येतं का, एकट्या माणसाला ती लावता येते का, धुता येते का, आणि कधी दगा देते.

हातमोज्यांपासून सुरुवात करू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक हार्डवेअरच्या दुकानातले वेल्डिंगचे, कोपराच्या अलीकडे थांबणारे. दुसरे खास जनावरांसाठी म्हणून विकले जाणारे, कोपर झाकणारे, आत केव्हलर या मजबूत कृत्रिम धाग्याचं अस्तर असलेले आणि किमतीत कितीतरी चढे. केव्हलरचं नाव ऐकून घेणारा निर्धास्त होतो. केव्हलर सहजी कापलं जात नाही हे खरं, पण सुळा टोचतो, आणि विणलेल्या धाग्यांच्या फटीतून बारीक टोक आत शिरतं. मोज्यावर ईएन ३८८ असा, हातमोज्यांच्या युरोपीय मानकाचा, शिक्का असेल तर त्याखालचे आकडे वाचावेत. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा आणि चौथा टोचण्याचा. हा चौथा आकडा ० ते ४ असतो. ४ म्हणजे भोक पाडायला किमान १५० न्यूटन जोर लागला. आपल्या उपयोगाचा हाच आकडा, आणि तो ३ पेक्षा कमी असेल तर ती जोडी घेऊ नये. दुकानदार बहुतेक वेळा दुसरा आकडा दाखवून मोजा खपवतो. चौथा चांगला असला तरी हे ध्यानात ठेवावं, की चाचणीतलं टोक मांजराच्या सुळ्याइतकं सुईदार नसतं. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत तर चामडं फाटलं नाही तरी जबड्याचा दाब आत पोचतो, आणि कातडी शाबूत राहून तळहातातलं हाड मोडू शकतं.

मोज्याची मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. हाताला काही कळेनासं होतं. मांजराची मान ताठ झाली, पोटाखालचे स्नायू आवळले, पुढचा पाय निसटायला लागला, या खुणा उघड्या बोटांना आधी समजतात. जाड चामड्यातून त्या समजत नाहीत, म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त दाबून धरतो. दाबलं की मांजर आणखी बिथरतं, आणि साधं लस टोचायचं काम झटापटीवर जातं. मोजे घातलेल्या हातांनी केलेली पकड सुटते ती बहुधा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, आणि शिवणही तिथेच आधी उसवते. जोडी घेताना ती शिवण दुहेरी आहे का आणि वर चामड्याचा वेगळा तुकडा लावला आहे का, हे बघावं.

धुण्याचा प्रश्न तर सुटतच नाही. नायट्यासारखी बुरशी असलेलं पिल्लू त्या मोज्यांनी धरलं, की तिचे बीजाणू चामड्याच्या सुरकुत्यांत बसतात. ते मारायला हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, लागतं, आणि हायपोक्लोराइटने चामडं कडक होऊन तडकतं. आधीच्या घाबरलेल्या मांजराचा वास त्यात राहतो तो निराळा. पावसाळ्यात कोकणपट्टीत ओला मोजा ड्रॉवरमध्ये ठेवला तर आठवड्याभरात पांढरी बुरशी धरतो. मग जोडी घ्यायचीच नाही का? एक घ्यावी, पण तीन कामांसाठी: सापळ्यातून किंवा कॅरिअरमधून न येणारं मांजर बाहेर काढायला, खोलीत सुटलेलं मांजर पकडायला, आणि माकड किंवा मोठा पोपट हाताळायला. काम झालं की काढून ठेवायची. मोजे घालून शीर शोधायला किंवा लस द्यायला बसू नये.

आता मुसकं. बैलाच्या तोंडाला बांधतात तोच शब्द कुत्र्यालाही चालतो, पण इथे तीन वेगवेगळ्या वस्तू येतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

नायलॉनचं, नळीसारखं, पुढून उघडं मुसकं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं. ते तोंड मिटवून ठेवतं, त्यामुळे कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापेनेच बाहेर टाकतो. नखं कापणं, लस, थर्मामीटर एवढ्या कामाला, म्हणजे फार तर ५ मिनिटांना, ते उत्तम. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हेच मुसकं लावून कुत्र्याला बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवलं, तर चावा टळेल आणि कुत्रा उष्माघाताने जाईल. उलट्या होणाऱ्या किंवा दम लागलेल्या कुत्र्याला ते कधीच लावू नये. उलटी आली तर ती श्वासनळीत जाते.

मापाची चूक इथे सर्रास होते. दवाखाने दोन मापं घेतात आणि सगळ्या कुत्र्यांवर भागवतात. ढिलं मुसकं नाकावर पुढे सरकतं, आणि पुढच्या उघड्या भोकातून समोरचे दात बाहेर येतात. त्या दातांचा चिमटा बोटाच्या पेराला लागतो तेव्हा लोक म्हणतात, 'मुसकं होतं तरी चावला.' माप बरोबर असेल तर तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडत नाही, वरची कड डोळ्याला लागत नाही, आणि कानामागच्या पट्ट्याखाली एकच बोट जातं. संच घ्यायचा तर अगदी लहानापासून मोठ्यापर्यंत किमान पाच मापांचा. वेलक्रोवाला घेऊ नये, क्लिपवाला घ्यावा. वेलक्रोत केस अडकत जातात आणि काही महिन्यांत त्याची पकड जाते, शिवाय सोडताना होणाऱ्या चर्र आवाजाने शांत झालेला कुत्राही दचकतो.

जाळीचं, टोपलीसारखं मुसकं आमच्या मते दवाखान्यातली सगळ्यात चांगली खरेदी आहे. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, जाळीतून दही चाटवता येतं. ड्रेसिंग, एक्स-रे, सलाइन अशा वेळखाऊ कामांना हेच हवं. मापासाठी टेपने दोन आकडे घ्यायचे: डोळ्यांच्या खाली दोन बोटं सोडून तोंडाचा घेर, आणि तिथपासून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी. टोपली लांबीला साधारण १ सेंटीमीटर जास्त हवी आणि आत तोंड अर्धवट उघडेल इतकी खोल हवी. खोली कमी असेल तर ती महागडी नायलॉनचीच आवृत्ती झाली. लोखंडी तारेच्या टोपल्या मिळतात त्या मजबूत असतात, पण रॉटवायलरने ती टोपली घेऊन डोकं मारलं की अटेंडंटच्या गुडघ्याला मुका मार बसतो. रबरी किंवा जाड प्लास्टिकची बरी. उणीव एकच: मानेच्या शिरेतून रक्त काढताना टोपलीची मागची कड आड येते. तेव्हा पुढच्या पायाची शीर घ्यावी.

जाळीच्या मुसक्याचा खरा फायदा मात्र घरी सवय केली तरच मिळतो. ते लपवून आणून एकदम तोंडावर चढवलं तर पुढच्या खेपेला कुत्रा ते दिसताच दात दाखवेल. नेहमी येणाऱ्या आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या मालकांना ते विकत घ्यायला सांगावं. रोज टोपलीच्या तळाला दही लावून कुत्र्याने आपणहून तोंड आत घालायचं, पट्टा लावायचा नाही. चार-पाच दिवसांनी पट्टा क्षणभर लावायचा, मग मिनिटभर. दोन आठवड्यांत बहुतेक कुत्रे मुसकं दिसलं की शेपूट हलवतात.

तिसरं मुसकं विकत मिळत नाही आणि मिळावं लागतही नाही: ५ सेंटीमीटर रुंदीची गॉज बँडेजची पट्टी, सव्वा मीटर लांब. सैल गाठीचा मोठा फास करायचा, कुत्र्याच्या समोरून न जाता बाजूने किंवा मागून तो तोंडावर टाकायचा, गाठ नाकाच्या वर येईल अशी आवळायची, दोन्ही टोकं हनुवटीखाली नेऊन दुसरी अर्धगाठ, मग कानांमागे नेऊन फुलगाठ. ती एका ओढीत सुटली पाहिजे. आपल्या देशी कुत्र्याचं तोंड लांब असतं, त्याला ही पट्टी छान बसते. पट्टी लाळेने भिजली की ताणते आणि सैल पडते, म्हणून एका कामाला एकच पट्टी. रस्त्यावरचा, पूर्वेतिहास माहीत नसलेला कुत्रा असेल तर हेच वापरावं, कारण नंतर ती पट्टी हातमोजा घालून उचलून जाळता येते. नायलॉन आणि जाळीची मुसकी मात्र दर वापरानंतर साबणाने धुऊन उन्हात वाळवायची. रेबीजचा विषाणू साबणाने आणि सुकण्याने निष्क्रिय होतो, पण ओल्या लाळेचं मुसकं उघड्या हाताने पुढच्या कुत्र्याला लावणं हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे.

पग, शिह त्झू या चपट्या तोंडाच्या जातींना यातलं काहीच बसत नाही. पट्टी घसरून डोळ्यांवर येते, आणि या जातींची मान जोरात आवळली तर डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो. त्यांच्यासाठी टॉवेलची जाड वळकटी करून गळ्याभोवती घ्यायची आणि दोन्ही टोकं मानेमागे एका मुठीत धरायची. डोकं वळत नाही आणि श्वासही मोकळा राहतो.

टॉवेलबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मांजराच्या कामात त्याला तोड नाही. साधा अंघोळीचा, ३० बाय ६० इंची, जाड सोलापुरी टर्किश टॉवेल. पातळ पंचा चालत नाही, त्यातून सुळा आरपार जातो. नवा टॉवेल एकदोनदा धुऊन घ्यावा, म्हणजे विणीतले फासे जरा बसतात आणि नखं कमी अडकतात. टॉवेल टेबलावर पसरायचा, मांजर त्याच्या एका बाजूपासून एक तृतीयांश अंतरावर, समोरच्या कडेपासून वीतभर आत ठेवायचं. समोरची कड गळ्याखालून स्कार्फसारखी घ्यायची. मग आखूड बाजू पाठीवरून पलीकडे नेऊन अंगाखाली खोचायची आणि शेवटी लांब बाजू वरून घट्ट गुंडाळायची. गळ्याभोवतीची घडी सैल राहिली की त्या फटीतून पुढचा पंजा बाहेर येतो, आणि पंजा बाहेर आला की मागोमाग दात येतात. म्हणून आधी गळ्याची घडी, मग बाकीचं. सुई मांडीत द्यायची असेल तर मागचा एकच पाय बाहेर ठेवता येतो. डोळे, कान तपासायचे तर फक्त डोकं.

टॉवेलला हातमोज्यावर मात देणारी गोष्ट म्हणजे मांजराचे चारही पाय आणि पाठ एकाच वेळी धरली जातात आणि त्यासाठी जोर लागत नाही. मांजराला मानेच्या कातडीला धरून लटकवण्याची जुनी रीत आता सोडावी. मांजरांच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी संघटनांनी २०२२ सालच्या हाताळणी मार्गदर्शिकेत तिला नकार दिला आहे. कातडी धरून लटकलेलं मांजर गप्प दिसतं, पण ते घाबरून थिजलेलं असतं, आणि त्याच्या चाव्याची सूचना मिळत नाही. दर मांजराला धुतलेला वेगळा टॉवेल हवा. दिवसाला १० मांजरं येत असतील तर २० टॉवेल ठेवावेत. एका चामडी जोडीच्या पैशांत ते येतात.

मांजरांसाठी चेनवाल्या नायलॉनच्या पिशव्या मिळतात. त्या आम्ही सुचवत नाही. आत ठेवताना मांजर सगळ्यात जास्त झटापट करतं, म्हणजे चाव्याचा क्षण टळत नाही, फक्त आधी येतो. वरून चेनमध्ये केस आणि कातडी अडकते.

गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन बहुतेक जण शस्त्रक्रियेनंतरच काढतात. तो तपासणीच्या आधी घातला तर उत्तम ढाल होतो. नाकाच्या पुढे ४-५ सेंटीमीटर जाईल असा हवा. जुन्या एक्स-रे फिल्मचे घरी कापलेले कोन धारदार कडेमुळे मान कापतात. कडेला चिकटपट्टी लावली तरच वापरावेत. फास असलेली काठी भटक्या कुत्र्यांसाठीच. घेताना तारेवर प्लास्टिकचं आवरण आहे का आणि फास सोडायचा खटका एका हाताने चालतो का, हे दुकानातच करून बघावं. खटका अडकला की कुत्रा गुदमरतो. फास मानेबरोबर एक पुढचा पायही आत घेईल असा टाकला तर गळा आवळत नाही. मांजराला ही काठी कधीच वापरू नये. सरकत्या भिंतीचा दाबपिंजरा महाग आहे, पण नसबंदी केंद्रात तो नसेल तर बाकी सगळी बचत व्यर्थ. जनावर एका बाजूला हलकेच दाबून गजांमधून भुलीचं इंजेक्शन देता येतं आणि हाताचा संबंधच येत नाही. सरकती भिंत गंजून मध्येच अडकते, तेव्हा रुळांना आठवड्याला तेल हवं.

मात्र बऱ्याच जनावरांच्या बाबतीत या सगळ्यांहून सरस ठरते ती गॅबापेंटिन या शांत करणाऱ्या औषधाची कॅप्सूल. साधारण आकाराच्या प्रौढ मांजराला १०० मिलिग्रॅम, दवाखान्यात यायच्या २ ते ३ तास आधी, कॅप्सूल उघडून थोड्या ओल्या खाण्यात कालवून. मांजर कॅरिअरमध्ये गप्प बसतं आणि टॉवेलमध्ये सहज जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजराला मात्रा कमी करावी लागते. पुढचे काही तास मांजर डळमळतं, तेव्हा गॅलरीचं दार बंद ठेवायला मालकांना सांगावं. माणसांसाठीचं पातळ औषध कुत्र्याला देऊ नये. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

झायलाझिन या गुंगीच्या औषधाबद्दल एक इशारा. आपल्याकडे ते स्वस्त आणि सगळीकडे वापरात आहे. ते दिलेला कुत्रा मान टाकून निपचित पडतो, सगळे सैलावतात, आणि एखाद्या खणखणाटाने किंवा जखमेला स्पर्श होताच तो एका झटक्यात उठून चावतो. झायलाझिन दिलं तरी मुसकं काढायचं नाही, आणि ट्रे खाली ठेवतानाही आवाज करायचा नाही.

एवढं सगळं करूनही चावा होणारच. त्यानंतरच्या पहिल्या पाव तासाचं सामान बहुतेक दवाखान्यांत नसतं. बेसिन असतं, पण तोटी इतकी खाली की मनगट नीट धरता येत नाही, किंवा दुपारी नळाला पाणी नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची असते. मिनिटाला १ लिटरची बारीक धार धरली तरी १५ लिटर पाणी लागतं. म्हणून तोटी लावलेला २० लिटरचा कॅन कायम भरून ठेवावा. साबण कुठलाही चालतो. भिंतीवर घड्याळ हवं, कारण घड्याळ न बघता धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो. चावा हाताला असेल तर नळ सुरू करायच्या आधी अंगठी, कडं, मनगटातला दोरा काढायचा. तासाभरात बोट सुजलं की अंगठी कापावी लागते. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काहीही नाही. जखमेला घट्ट पट्टी नाही, आणि टाके तर दवाखान्यातल्या दवाखान्यात अजिबात नाहीत.

मांजराच्या चाव्याला लोक हलक्यात घेतात कारण तो टाचणीएवढा दिसतो. सुळा बारीक आणि लांब असतो, तो पाश्चुरेला मल्टोसिडा हा जिवाणू थेट स्नायुबंधाच्या आवरणात किंवा सांध्यात सोडतो, आणि वरची कातडी लगेच मिटते. २४ तासांच्या आत लाली, ठणका, सूज. बोट अर्धवट वाकलेलंच राहतं, सरळ करायला गेलं की कळ मस्तकात जाते, सगळं बोट सारखं सुजतं आणि तळव्याच्या बाजूने दाबलं की दुखतं: या चार खुणा दिसल्या तर त्याच दिवशी हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जायचं. उशीर झाला तर बोटाची हालचाल कायमची जाते, आणि ज्याची रोजीरोटी हातावर आहे त्याच्यासाठी ते फार मोठं नुकसान आहे. या चाव्यांवर डॉक्टर सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात. कपाटातलं सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक स्वतःच सुरू करू नये. पाश्चुरेलावर ते नीट चालत नाही. ज्यांची प्लीहा काढलेली आहे त्यांनी तर कुत्र्याचा साधा ओरखडाही डॉक्टरांना दाखवावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही तेव्हाच तपासून घ्यावी.

शेवटची गोष्ट रेबीजच्या लशीची, आणि इथे दवाखान्यांची हयगय बघून वाईट वाटतं. रोज कुत्र्यांना रेबीजची लस टोचणाऱ्या जागी अटेंडंटने स्वतः ती घेतलेली नसते. चाव्याआधीच्या लशीचे आपल्याकडे तीन डोस असतात: ० आणि ७ व्या दिवशी, आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. ते पूर्ण असतील तर चाव्यानंतर ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि सीरम (तयार प्रतिपिंडांचं औषध) लागत नाही. लस घेतलेली नसेल आणि दात कातडीत शिरून रक्त आलं असेल, म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम, तर पूर्ण कोर्स आणि जखमेत भरायचं सीरम दोन्ही लागतं. घोड्याच्या रक्तापासून केलेल्या सीरमची मात्रा माणसाच्या वजनाच्या दर किलोला ४० एकक, माणसाच्या रक्तापासूनच्याची २०. तिसऱ्या श्रेणीत नुसते चावे येत नाहीत. खरचटलेल्या हातावर किंवा डोळ्यात लाळ उडाली तरी ती तिसरीच.

चाव्यानंतरची लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. चाव्याआधीची मिळेल का हे आधी विचारून जावं, कारण तिथला साठा चावलेल्यांसाठी असतो. खासगी डॉक्टरांकडे कातडीत द्यायच्या पद्धतीने ती घेतली तर खर्च बराच उतरतो. एका डोसला ०.१ मिली लागते, म्हणजे ०.५ मिलीच्या कुपीत ५ जणांचं आणि १ मिलीच्या कुपीत १० जणांचं काम होतं. पण विरघळवलेली कुपी ६ ते ८ तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासच्या दोन-तीन दवाखान्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा. टोचणाऱ्याने सिरिंजवर लक्ष ठेवावं: लाल टोपणाच्या ४० एककी इन्शुलिन सिरिंजवर ०.१ मिली म्हणजे ४ एककांची खूण, नारंगी टोपणाच्या १०० एककीवर १० एककांची. बरोबर टोचलं तर कातडीवर संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा येतो. आला नाही तर लस खोल गेली आणि तो डोस पुन्हा द्यावा लागतो. कुत्र्याची कुपी माणसाला टोचायचा विचारही करू नये. पोटात चौदा इंजेक्शनं हा काळ गेला आहे. आता लस दंडात देतात. रोजचं काम कुत्र्यांशी असेल तर रक्तातली प्रतिपिंडं अधूनमधून मोजून ती मिलीलिटरला ०.५ एककाच्या खाली गेली की बूस्टर घ्यावा.

कुत्रं घरचं आहे, त्याला लस दिलेली आहे, १० दिवस बघू आणि मग ठरवू, असं दवाखान्यात हमखास बोललं जातं. १० दिवस बघायचंच, पण उपचार पहिल्या दिवशी सुरू करून. जनावर धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे की नाही ते डॉक्टर सांगतील. हा १० दिवसांचा नियम कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. माकड, मुंगूस, गाय, म्हैस यांना नाही.

गाई-म्हशींचं नाव निघालं म्हणून, गावात काम करणाऱ्यांसाठी एक वस्तू: खांद्यापर्यंतचे पातळ प्लास्टिकचे मोजे. गर्भतपासणीला ते सगळे वापरतात. तोंडात हात घालताना मात्र काढतात. रेबीज झालेली म्हैस लाळ गाळते, गिळू शकत नाही, आणि काही अडकलंय या समजुतीने मालक, मदतनीस आणि डॉक्टर तिघेही उघड्या हाताने घसा चाचपतात. इथे दात लागायचीही गरज नाही, नखाजवळची फाटलेली कातडी पुरते. हे प्लास्टिक दाढेच्या कडेला लागून लगेच फाटतं, म्हणून त्याच्या आत नायट्रिलचे मोजे घालावेत आणि डोळ्यांवर चष्मा ठेवावा. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालण्याआधी त्याला गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावला होता का हे विचारावं, आणि उत्तर 'माहीत नाही' असलं तर हात बाहेरच ठेवून आधी प्रत्येकाचं लसीचं कार्ड बघावं.